वैद्यकीय इमेजिंगवरची संदर्भनोंद कशी रचावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय, पेट (किरणोत्सारी औषध देऊन करायचा स्कॅन) अशा विषयांवर मराठीत नोंद लिहायला बसणाऱ्यांकडे माहितीची वाण नसते. गाडं अडतं ते ती लावायची कशी, इथे. कोणत्या परिच्छेदानंतर कोणता, काय आत घ्यायचं आणि काय सोडायचं, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांमागे माझा एकच आग्रह आहे. ही यंत्रं फोटो काढत नाहीत, मोजमाप करतात, आणि आपल्याला दिसतो तो त्या मोजमापाचा नकाशा असतो. नेमकं काय मोजलं हे वाचकाला लवकर कळलं नाही, तर पुढची सगळी माहिती अधांतरी राहते.

सुरुवात इतिहासाने करावी का?

नको. नोंद उघडणाऱ्याच्या हातात बहुधा तपासणीची चिठ्ठी असते, नाहीतर उद्याची परीक्षा असते. क्ष-किरण १८९५ साली सापडले हे कळण्याआधी दोघांनाही "हे आहे काय?" याचं उत्तर हवं असतं.

पहिल्या परिच्छेदात पाच गोष्टी याव्यात: शरीरात काय सोडतात, परत काय येतं, त्यातलं काय मोजतात, चित्रातली छटा कशाची खूण आहे, आणि ही तपासणी मुख्यतः कशासाठी करतात. सीटीपुरता नमुना असा:

"सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा झोत शरीराभोवती फिरवून पलीकडे किती किरण पोचले हे अनेक कोनांतून मोजतात. या मोजमापांवरून संगणक शरीराच्या आडव्या छेदाचे चित्र गणिताने तयार करतो. चित्रातील प्रत्येक ठिपक्याची छटा म्हणजे त्या जागेच्या ऊतीने किरण किती अडवले याचा आकडा होय. डोक्याला मार लागल्यावरचा रक्तस्राव, हाडांचे गुंतागुंतीचे फ्रॅक्चर, फुप्फुसांचे व पोटातील विकार यांसाठी ही तपासणी करतात. तपासणीत रुग्णाला आयनीकारक प्रारणाची (पेशींना इजा करू शकणाऱ्या किरणांची) काही मात्रा मिळते."

पाच वाक्यं झाली. वाचक इथेच थांबला तरी त्याच्या पदरात काहीतरी पूर्ण पडलं. याउलट "सीटी स्कॅन हे वैद्यकशास्त्राला लाभलेले वरदान आहे" हे वाक्य बघा. त्यातलं सीटी काढून तिथे एमआरआय घाला, स्टेथोस्कोप घाला, काही बिघडत नाही. जे वाक्य कुठल्याही यंत्राला चालतं ते नोंदीतून बिनदिक्कत काढावं.

पुढच्या विभागांचा क्रम कसा ठरवायचा?

संकेताच्या वाटेने चालायचं. किरण, ध्वनी किंवा रेडिओलहर कुठून निघते, शरीरात तिचं काय होतं, ती कुठे पकडली जाते, तिचा आकडा कसा होतो, आकड्याचं चित्र कसं होतं आणि ते चित्र कोण कसं वाचतं. हा क्रम धरला की वाचकाला मागे जाऊन पाहावं लागत नाही, कारण प्रत्येक विभाग आधीच्या विभागाने दिलेलंच पुढे नेतो.

सोनोग्राफीवर हे करून पाहू. प्रोबमधला, म्हणजे अंगावर टेकवायच्या उपकरणातला, स्फटिक विजेचा धक्का मिळाला की थरथरतो आणि आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो. हा ध्वनी मृदू ऊतींतून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. वाटेत दोन वेगळ्या ऊतींची सीमा लागली की थोडा प्रतिध्वनी परततो आणि तोच स्फटिक तो ऐकतो. यंत्र मोजतं ती परतीची वेळ. १ सेंटीमीटर खोलीवर जाऊन परत यायला सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून १३० मायक्रोसेकंदांनी आलेला प्रतिध्वनी १० सेंटीमीटर खोलीवर मांडायचा.

एवढं लिहून झालं की पुढचे दोन विभाग आपोआप उलगडतात. यंत्राने सगळीकडे वेग १५४० धरलेला असतो, पण चरबीत ध्वनी याहून हळू जातो. म्हणून चरबीआडची वस्तू चित्रात आहे त्यापेक्षा किंचित खोल दिसते. पित्ताशयातला खडा ध्वनी पुढे जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या मागे काळी सावली पडते, आणि डॉक्टर खडा ओळखतात ते बऱ्याचदा या सावलीवरूनच. पाण्याने भरलेल्या गाठीच्या मागचा भाग मात्र जास्त उजळ दिसतो, कारण पाण्यातून जाताना ध्वनी फारसा क्षीण होत नाही. "चित्रातील दोष" असा वेगळा, तुटक विभाग करून त्यात हे सगळं यादीसारखं टाकलं तर वाचक पाठ करील आणि विसरेल. संकेताच्या वाटेवरच ते सांगितलं तर त्याला ते स्वतःहून सुचतं. मला नोंदीच्या रचनेतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

सगळ्या तंत्रांना हाच साचा चालेल?

कणा तोच ठेवा. कोणत्या विभागाला किती जागा द्यायची ते मात्र तंत्रागणिक बदलतं.

पेटमध्ये संकेताचा उगम यंत्रात नसतो, रुग्णाच्या शरीरात असतो. ग्लुकोजसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लुओरिन-१८ जोडून तो औषध म्हणून शिरेतून देतात. जिथे साखरेचा वापर जास्त तिथे तो साचतो. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन प्रभाराचा कण) जवळच्याच इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतालच्या कड्यातल्या दोन समोरासमोरच्या डिटेक्टरांना ते जवळजवळ एकाच क्षणी लागले, की त्या रेषेवर कुठेतरी घटना घडली असं धरतात. तेव्हा या नोंदीत औषधावरचा विभाग यंत्राच्या आधी आला पाहिजे. फ्लुओरिन-१८ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा वेळ, सुमारे ११० मिनिटांचं असतं, हा आकडाही तिथेच द्यावा. रुग्णाला दिलेल्या वेळेवर का बोलावतात आणि औषध महिनाभर साठवून का ठेवता येत नाही, हे त्या एका आकड्याने कळतं.

एमआरआयमध्ये सगळा भार चित्रांच्या प्रकारांवर असतो. मी लिहिलेल्या पहिल्या एमआरआय नोंदीत "पाणी पांढरे दिसते" असं वाक्य होतं आणि शेजारी टी-१ प्रकारचं चित्र होतं, ज्यात मेंदूभोवतालचं पाणी काळंभोर दिसत होतं. चूक एका वाचकाने दाखवली. टी-२ चित्रात पाणी उजळतं, टी-१ मध्ये ते काळं असतं आणि चरबी उजळते. प्रकार न सांगता एमआरआयमधल्या रंगाबद्दल एक शब्दही लिहू नये, हे मी तेव्हापासून पाळत आलो आहे.

एकाच विषयाची किती नोंदींत विभागणी करावी?

"एमआरआय" या एका शब्दात तीन विषय दडलेले असतात: भौतिक तत्त्व, यंत्र आणि तपासणी. मुख्य नोंदीत तिन्हींची ओळख द्यावी. एखाद्या भागाला स्वतःचा वाचकवर्ग असेल तेव्हाच त्याची वेगळी नोंद करावी. "गुडघ्याचा एमआरआय" वेगळा काढला तर त्यात चुंबकत्वाचा धडा पुन्हा गिरवू नका.

गणित किती द्यावं?

ज्या सूत्राचा आकडा वाचकाला रिपोर्टवर किंवा यंत्रावर भेटणार आहे ते सूत्र द्यावं. बाकीची नावाने सांगितली तरी पुरे.

सीटीचं हौन्सफील्ड मापन, म्हणजे ऊती किरण किती अडवते याची मोजपट्टी, द्यायलाच हवं. त्यात पाण्याला ० आणि हवेला उणे १००० धरलेलं असतं. चरबी उणे १०० च्या आसपास येते आणि घट्ट हाड कित्येक शेकड्यांत जातं. रिपोर्टमध्ये "एचयू" (हौन्सफील्ड एकक) ही अक्षरं पाहिलेल्या माणसाला याचा लगेच उपयोग होतो. एमआरआयसाठी हायड्रोजनच्या अणुकेंद्राची वारंवारता दर टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) सुमारे ४२.५८ मेगाहर्ट्झ असते, एवढं पुरतं. त्यावरून १.५ टेस्लाचं यंत्र ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतं हे वाचक स्वतः काढू शकतो, आणि ही रेडिओलहरींचीच पट्टी आहे हेही त्याच्या लक्षात येतं. संकेतापासून चित्र मिळवून देणाऱ्या फूरिये रूपांतराची सिद्धता मात्र गणिताच्या नोंदीत शोभते.

मराठी संज्ञा वापराव्यात की रुळलेले इंग्रजी शब्द?

लोक जे म्हणतात तेच मथळ्याला द्यावं. कोणीही "श्राव्यातीत ध्वनिप्रतिमांकन" शोधत नाही, सगळे "सोनोग्राफी" शोधतात. एमआरआय, सीटी, पेट, प्रोब, डिटेक्टर, कॉन्ट्रास्ट हे शब्द आता मराठीच झाले आहेत. मूळ संज्ञेचा अर्थ पहिल्या उल्लेखाच्या वेळी एकदा उलगडला की झालं.

जिथे मराठी शब्द खरोखर नेमका आहे तिथे मात्र तो सोडू नये. "क्ष-किरण" बघा. हे किरण शोधणाऱ्या रोंटगेन यांनी त्यांचं स्वरूप ठाऊक नसल्यामुळे त्यांना एक्स म्हटलं, आणि आपण बीजगणितात अज्ञात राशीला क्ष म्हणतो. अर्थासकट उतरलेला इतका सुंदर शब्द क्वचित मिळतो.

एका जोडीबद्दल मी हट्टी आहे: प्रारण आणि किरणोत्सर्ग. एक्स-रेच्या नोंदीत "किरणोत्सर्गाचा धोका" असं सर्रास लिहिलेलं असतं. किरणोत्सर्ग म्हणजे अस्थिर अणुकेंद्राने आपणहून किरण किंवा कण बाहेर टाकणं. एक्स-रे नळीत असं काहीच नसतं. वीज बंद केली की किरण संपले, खोलीत किंवा रुग्णाच्या अंगात काही उरत नाही. तिथे "प्रारण" म्हणावं. पेटमध्ये किंवा हाडांच्या न्यूक्लिअर स्कॅनमध्ये दिलेलं औषध मात्र खरोखर किरणोत्सारी असतं आणि रुग्ण घरी जातानाही थोडं अंगात असतं. हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की एक्स-रे काढून आलेल्या आईजवळ बाळाला न्यायचं की नाही, अशी निष्कारण भीती घरात शिरते.

इतिहासाचा विभाग कुठे ठेवावा आणि कसा लिहावा?

तंत्र समजून झाल्यावर, म्हणजे नोंदीच्या उत्तरार्धात. तोपर्यंत कोणता शोध कशासाठी लागला हे वाचकाला कळण्याइतकी तयारी झालेली असते.

नुसत्या सनावळीपेक्षा "इतका वेळ का लागला?" हा प्रश्न धरून लिहावं. सीटीचं उदाहरण घ्या. अनेक कोनांतल्या बेरजांवरून मूळ आकृती परत मिळवता येते हे गणित योहान राडॉन यांनी १९१७ मध्येच मांडलं होतं. अॅलन कॉरमॅक यांनी १९६३ आणि १९६४ मध्ये क्ष-किरणांच्या संदर्भात हा प्रश्न सोडवला, पण तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही. लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी. मधल्या काळात हवा होता तो संगणक. त्या पहिल्या यंत्राचं चित्र ८० गुणिले ८० चौकटींचं, म्हणजे ६४०० ठिपक्यांचं होतं. आज नेहमीचा छेद ५१२ गुणिले ५१२ चा, अडीच लाखांहून अधिक ठिपक्यांचा असतो. कॉरमॅक आणि हौन्सफील्ड यांना १९७९ चं नोबेल विभागून मिळालं.

"जनक" हा शब्द टाळावा. एमआरआयच्या बाबतीत तर तो अंगाशी येतो. रेमंड डमाडियन यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या गाठींमधल्या आणि निरोगी ऊतींमधल्या चुंबकीय संकेतातला फरक दाखवला. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चढत्या चुंबकीय क्षेत्राचा वापर करून त्या संकेताचं चित्र केलं, आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी ते गणिताने आणि वेगाने पुढे नेलं. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळालं, आणि डमाडियन यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन त्याला हरकत घेतली. कोणी, कोणत्या वर्षी, नेमकं काय केलं एवढं ओळीने लिहा. निवाडा वाचकाला करू द्या.

चित्रं किती द्यावीत, आणि त्यांखाली काय लिहावं?

थोडी द्या, पण प्रत्येकाखालची ओळ पूर्ण लिहा. "मेंदूचा सीटी स्कॅन" ही ओळ झाली नाही. तंत्र, शरीराचा भाग, छेदाची दिशा, कॉन्ट्रास्ट (अवयव उठून दिसावेत म्हणून द्यायचं द्रव्य) दिलं होतं की नाही, चित्राचा प्रकार किंवा विंडो, आणि काय पाहायचं ते, इतकं त्यात यावं.

विंडो का सांगायची ते एकदा बारकाईने पाहण्यासारखं आहे. सीटीमधले आकडे उणे १००० पासून दोन-तीन हजारांपर्यंत पसरलेले असतात. तेवढ्या करड्या छटा डोळ्याला वेगळ्या कळत नाहीत. म्हणून पडद्यावर त्यातला एक तुकडाच ताणून दाखवतात. मेंदूसाठी साधारण ० ते ८० एवढाच पट्टा घेतात: ० च्या खालचं सगळं काळं, ८० च्या वरचं सगळं पांढरं. मेंदूची ऊती २५ ते ४० च्या घरात करडी दिसते आणि ताजं साकळलेलं रक्त ६० ते ८० च्या आसपास असल्याने उजळून उठतं. तीच विंडो छातीच्या छेदाला लावली तर फुप्फुसं नुसती काळी ठिक्कर दिसतील. मग पट्टा उणे १३५० ते १५० असा काहीसा रुंद घेतला की त्याच फायलीतून फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फांद्यांसारख्या उभ्या राहतात. छेद तोच, आकडे तेच. ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली तर मोजमापाच्या नकाशाची गोष्ट चार परिच्छेदांपेक्षा लवकर पटते.

पेटच्या चित्राखाली आणखी एक वाक्य हवंच: मेंदू आणि मूत्राशय निरोगी माणसातही उजळ दिसतात. मेंदू साखर भरपूर वापरतो आणि औषध लघवीवाटे बाहेर पडतं. हे न लिहिल्यास वाचक प्रत्येक उजळ डागाला कर्करोग समजतो.

धोके कसे मांडावेत, म्हणजे घबराटही नको आणि लपवाछपवीही नको?

आकडा, एकक आणि तुलना एकत्र द्यावी. निसर्गातून माणसाला मिळणाऱ्या प्रारणाची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलीसीव्हर्ट (प्रारणाच्या मात्रेचं एकक) आहे. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा ०.०२ मिलीसीव्हर्टच्या आसपास असते, म्हणजे तीन दिवसांच्या नैसर्गिक प्रारणाइतकी. पोटाच्या सीटीची सुमारे ८ ते १०, म्हणजे तीन-चार वर्षांच्या इतकी. "एक्स-रे आणि सीटीमध्ये प्रारण असते" या वाक्याने दोन्ही एका पारड्यात बसतात, आणि त्यांत शेकडो पटींचा फरक आहे. हे आकडे यंत्रावर, शरीरयष्टीवर आणि तपासणीच्या पद्धतीवर अवलंबून असतात, हेही त्याच परिच्छेदात लिहा.

"एमआरआय पूर्णपणे निर्धोक" असं कधीही लिहू नये. आयनीकारक प्रारण नसतं हे खरं. पण त्या यंत्रातला अतिवाहक चुंबक रात्री, सुट्टीच्या दिवशी, स्कॅन चालू नसतानाही तितकाच जोरात असतो, कारण त्याची गुंडाळी द्रव हेलियमने उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवलेली असते आणि तिच्यातला प्रवाह न थांबता फिरत राहतो. लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर त्या खोलीत नेला तर तो उडून चुंबकाकडे खेचला जातो. पेसमेकर, शरीरातल्या धातूच्या वस्तू, मोठा आवाज, ऊती तापणं, गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट आणि मूत्रपिंडाचे आजार, या प्रत्येकावर एखादं वाक्य हवं. धोक्यांचा हा विभाग नोंदीच्या तळाला ढकलू नका. तो उपयोगांच्या लगेच शेजारी असावा.

"उपयोग" हा विभाग जाहिरातीसारखा होऊ नये म्हणून काय करावं?

दावा कोणत्या पातळीचा आहे ते ओळखावं. फ्रायबॅक आणि थॉर्नबरी या संशोधकांनी १९९१ मध्ये इमेजिंगच्या उपयुक्ततेच्या सहा पायऱ्या मांडल्या: चित्र चांगलं येतं का, निदान अचूक होतं का, डॉक्टरचा विचार बदलतो का, उपचार बदलतात का, रुग्णाचं भलं होतं का, आणि समाजाला ते परवडण्याजोगं आहे का. नव्या तंत्राबद्दलच्या बहुतेक बातम्या पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या असतात आणि लिहिल्या जातात पाचव्या पायरीच्या थाटात. नोंदीत पायरी स्पष्ट दिसली पाहिजे. "चित्र अधिक स्पष्ट येते" आणि "रुग्ण अधिक जगतात" यांत फार मोठं अंतर आहे.

"९० टक्के अचूक" हा शब्दप्रयोग तर उकलल्याशिवाय वापरूच नये. समजा १००० लोकांची तपासणी केली, त्यातल्या १० जणांना आजार आहे, आणि तपासणी आजारी व निरोगी दोघांनाही ९० टक्के वेळा बरोबर ओळखते. १० पैकी ९ सापडले. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांनाही "आजार आहे" असा चुकीचा निकाल मिळाला. म्हणजे १०८ जणांच्या हाती वाईट बातमीचा कागद, आणि खरे आजारी त्यांतले ९. एवढं गणित एकदा नोंदीत आलं की संवेदनशीलता (आजारी किती ओळखले) आणि विशिष्टता (निरोगी किती ओळखले) हे शब्द वाचकाला जड जात नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्तेला वेगळा विभाग द्यावा का?

ती संकेताच्या वाटेवर जिथे काम करते तिथेच तिचा उल्लेख करावा. आकड्यांपासून चित्र उभारताना गोंगाट कमी करणं वेगळं, आणि तयार चित्रातली गाठ दाखवणं वेगळं. दोन्हींच्या चुकाही वेगळ्या. एका मथळ्याखाली कोंबल्यास हा फरक हरवतो.

आकडे जुने होतात, त्याचं काय?

जे बदलणार आहे त्याला वर्ष जोडा. ध्वनीचा वेग किंवा अर्धायुष्य बदलत नाही. डिटेक्टरांच्या ओळी, स्कॅनचा वेळ, मार्गदर्शक सूचना बदलतात. "सध्या", "अलीकडे", "अत्याधुनिक" हे शब्द पाच वर्षांनी खोटे ठरतात.

स्वतःचा किंवा घरच्यांचा स्कॅन चित्र म्हणून वापरला तर चालेल?

ज्याचा स्कॅन आहे त्याची स्पष्ट संमती असेल तरच, आणि तेही फाइल नीट तपासून. स्कॅनच्या डायकॉम (वैद्यकीय चित्रांसाठीचा फाइलप्रकार) फायलीत चित्रासोबत नाव, जन्मतारीख, रुग्णक्रमांक, तपासणीची तारीख अशी माहिती साठवलेली असते. पडद्यावर ती दिसली नाही तरी फायलीत असते. सोनोग्राफीत तर नाव बऱ्याचदा चित्राच्या कोपऱ्यातच छापलेलं असतं. म्हणून मूळ फाइल न देता साधं चित्र काढून घ्यावं आणि त्याच्या चारही कडा मोठ्या करून पाहाव्यात. डोक्याच्या सीटीचे किंवा एमआरआयचे सगळे छेद एकत्र दिले तर त्यांतून चेहऱ्याची त्रिमित आकृती उभी करता येते आणि माणूस ओळखू येऊ शकतो. नोंदीसाठी एक छेद पुरतो, तेवढाच द्यावा.

वाचक विचारतात, "मग मी हा स्कॅन करून घेऊ का?" नोंदीत उत्तर द्यावं का?

नाही. त्या माणसाची लक्षणं, आधीचे आजार, गरोदरपण, मूत्रपिंडाची स्थिती यातलं काहीच नोंदीला ठाऊक नसतं. पण त्याला डॉक्टरांना काय विचारायचं ते कळेल अशी नोंद लिहिता येते: या तपासणीने उपचारात काय बदलेल, प्रारण नसलेला दुसरा मार्ग आहे का, कॉन्ट्रास्ट लागणार का, आधीचे स्कॅन सोबत आणावेत का. हे प्रश्न उपयोग आणि धोके यांच्या विभागांत जिथे ज्याचा विषय निघतो तिथेच पेरावेत.